पार्ल्यातला ब्लॉक : दोन बेडरूम आणि एक शेअर सर्टिफिकेट

मागच्या वेळी आपण गिरगावच्या चाळीपाशी थांबलो होतो. आज चाळ सोडायची, लोकलमध्ये बसायचं आणि पार्ल्याला पूर्वेला उतरायचं. विषय तसा घरगुती आहे. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, एक संडास, एक न्हाणीघर. तळमजला धरून चार मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही, सोळा बिऱ्हाडं. त्यातल्या एका बिऱ्हाडात आम्ही १९७४ सालापासून राहतो. तत्त्वज्ञानाच्या मास्तराने इतिहासावर बोलावं का, असा प्रश्न काहींना पडेल. पण 'माझं घर' या दोन शब्दांत 'माझं' म्हणजे काय, हा प्रश्न आमच्याच खात्यातला आहे, आणि त्याचं उत्तर इतिहासात शिरल्याशिवाय सापडत नाही असं आम्हाला दिसलं.

सुरुवात एका कागदापासून करू. आमच्या लोखंडी कपाटात, रेशनकार्ड आणि जन्मदाखले ज्या पिशवीत आहेत त्याच पिशवीत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे. पन्नास रुपयांचे पाच शेअर, एकूण अडीचशे रुपये. खाली अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांच्या सह्या. वर वडिलांचं नाव. आज त्या जागेची किंमत कोट्यवधी रुपयांत बोलली जाते, आणि तिचा मुख्य कागद अडीचशे रुपयांचा. असं का, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागेल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहराच्या दाट वस्तीतून लोकांना बाहेर काढायचं, हवा-उजेड असलेली वस्ती उत्तरेला वसवायची, असा विचार होता. दादर-माटुंग्याच्या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. आखीव रस्ते, मधे बागा, इमारतींमध्ये ठरावीक अंतर. मध्यमवर्गीय माणूस तिथे राहायला गेला आणि त्याला एक नवा शब्द मिळाला : ब्लॉक. गिरगावात आमच्या लहानपणी 'ते आता ब्लॉकमध्ये राहतात' हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जायचं, त्या सुरात थोडा आदर असायचा आणि थोडा दुरावाही.

ब्लॉक आणि खोली यांत फरक कशाचा? क्षेत्रफळाचा नव्हे. चाळीतही दोन-तीन खोल्या असलेली बिऱ्हाडं होती. फरक संडासाचा. चाळीत तो मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. ब्लॉकमध्ये तो दाराच्या आत आला. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण आमच्या आजीला पार्ल्याचा ब्लॉक दाखवला तेव्हा तिने हॉल पाहिला नाही, गच्ची पाहिली नाही. स्वयंपाकघराची भिंत आणि संडासाची भिंत एकच आहे हे तिने पहिल्या दोन मिनिटांत ओळखलं, आणि देव्हारा त्या भिंतीला लागता कामा नये म्हणून घराची सगळी मांडणी तिने ठरवली. सोवळं-ओवळं आणि नळपाण्याची व्यवस्था यांची ही तडजोड तेव्हा घरोघरी चालू होती. आणि त्याला दुसरी एक बाजू आहे, ती आजी बोलत नव्हती. दादर-माटुंग्याच्या काही जुन्या इमारतींच्या मागे लोखंडी गोल जिना दिसतो. सफाई करणाऱ्या माणसाने मागून यावं, मागून जावं, घरातून जाऊ नये, यासाठी तो होता. नकाशात त्याला 'सर्व्हिस' जिना म्हणत. आम्ही त्याला जातीचा जिना म्हणतो. आमच्या इमारतीला तो नाही, कारण तोवर फ्लश आणि गटारं आली होती. मनातला जिना गेला होता की नाही, हे वेगळं.

आता पार्ल्याकडे येऊ. पार्ले मुंबई बेटावर नाही, ते साष्टीत. साष्टी १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे, मग वसईच्या मोहिमेत मराठ्यांकडे, आणि १७७४ पासून इंग्रजांकडे. भातखाचरं, वाड्या, ताडामाडाची झाडं आणि मधे मधे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची गावठाणं. १८६७ साली बीबीसीआय रेल्वेची लोकल सुरू झाली. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला. १९२८ साली पश्चिमेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली.

यातला नगररचना कायदा फार कमी लोकांना ठाऊक असतो, म्हणून जरा थांबतो. शेतकऱ्याच्या जमिनी वेड्यावाकड्या पट्ट्यांच्या असतात. त्यावर इमारती नीट बसत नाहीत. या कायद्याने त्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, मधून रस्ते काढायचे, आणि उरलेली जागा चौकोनी तुकडे पाडून मालकांना परत द्यायची. त्या तुकड्याला म्हणतात फायनल प्लॉट. आमच्या इमारतीच्या कागदांवर आजही 'टी.पी.एस.' आणि 'एफ.पी. नंबर' लिहिलेलं आहे. पार्ल्याच्या आतल्या गल्ल्या काटकोनात का मिळतात, याचं उत्तर तिथे आहे. आमची आजची हॉलची भिंत ज्या रेषेला समांतर आहे, ती रेषा कुणाच्या तरी बांधावरून ओढलेली आहे. ज्याचा बांध होता त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाही माहीत नाही.

या आखीव जागेवर आधी ब्लॉक आले नाहीत, बंगले आले. बंगली म्हणा हवं तर. पुढे ओटा, मागे विहीर, आंबा, फणस. लोकमान्यांच्या निधनानंतर वर्षभरातच, १९२१ साली, पार्ले टिळक विद्यालय निघालं. १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला सत्याग्रहींची छावणी होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला तिथे होते. १९२९ साली पार्ल्याचंच नाव घेऊन तो कारखाना सुरू झाला, ज्याची बिस्किटं पुढे देशभर गेली. आम्ही राहायला आलो तेव्हा वारा त्या दिशेने असला की दुपारी घरात बिस्किटांचा वास यायचा. २०१६ साली कारखाना बंद झाला. लोक अजून रिक्षावाल्याला त्याची खूण सांगतात.

बंगल्यांच्या जागी ब्लॉक का आले? याचं कारण एका कायद्यात आहे, आणि तो घर बांधण्याचा कायदाच नव्हे. तो भाड्याचा कायदा. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, भाड्यावर नियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला पुन्हा आलं. आणि १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा तर असा पक्का झाला, की सप्टेंबर १९४० चं भाडं हेच 'स्टँडर्ड' मानलं गेलं. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते आवश्यकही होतं. आमच्या चाळीतलं भाडं वाढलं असतं तर आमची शिक्षणं झाली नसती. पण दुसरा परिणाम असा, की भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणं शहाण्या माणसाने सोडून दिलं. जुन्या जागांना पागडी आली. नव्या जागा विकायच्या, भाड्याने द्यायच्या नाहीत, असं ठरलं. आणि मराठीत अजून एक शब्द आला : ओनरशिप. 'जागा भाड्याची की ओनरशिपची?' लग्न ठरवताना हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

गंमत अशी, की ज्याला ओनरशिप म्हणतात त्यात मालकी कशाची? तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाची जमीन कुठे आहे? त्याच्या पायाखाली दुसऱ्या मजल्याचं छत, डोक्यावर गच्ची. तेव्हा वकिलांनी आणि सहकारी चळवळीने एक तोड काढली. ती आधीच तयार होती. १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. जमीन-इमारत संस्थेच्या नावावर, आणि माणूस संस्थेचा सभासद. त्याला मिळतात शेअर, आणि शेअरमुळे ठरावीक जागेत राहण्याचा हक्क. १९६० साली महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा झाला. १९६३ साली मोफा आला. पैसे घेऊन इमारत अर्धवट सोडणारे, एकच ब्लॉक दोघांना विकणारे तेव्हाही होते, त्यांना आवरायला. आमचं अडीचशे रुपयांचं सर्टिफिकेट या वंशावळीतलं.

एक गोष्ट चटकन सांगून पुढे जातो. ही सोय पहिल्यांदा एका जातीच्या लोकांनी आपल्या लोकांसाठी केली. त्यात परस्परांवरचा विश्वास होता, आणि बाकीच्यांना दार बंद हेही होतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, उपविधीत तशी अट असेल तर सोसायटी सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवू शकते, असा निकाल दिला. तेव्हा 'सहकार' शब्द ऐकला की आत कोण आहे, इतकंच विचारू नका.

बरं. १९७४ साल. वडील सरकारी कचेरीत कारकून. गृहकर्जाच्या कंपन्या अजून निघायच्या होत्या. एचडीएफसी १९७७ ची. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढता येईल तेवढं काढलं, कचेरीच्या पतपेढीतून उचललं, आणि तरीही शेवटचा हप्ता उरला. आईने पाटल्या आणि गोठ दिले. ही काही असामान्य गोष्ट नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या जणांच्या घरात ही गोष्ट असेल. ती आपण कौतुकाने सांगतो आणि तिथेच सोडून देतो. आम्हीही पन्नास वर्षं तिथेच सोडली.

आता दोन बेडरूम. कोकणातल्या घराची नावं आठवा : ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली. सामान्य घरात झोपण्यासाठी अशी वेगळी खोली नाही. जिथे जागा तिथे पथारी. बेडरूम ही खोली ब्लॉकबरोबर आली, आणि तिच्याबरोबर आली आतून लागणारी कडी. कडी कुणाच्या वाट्याला आली ते बघा. एक बेडरूम आजीची, कारण ती आजारी. दुसरी थोरल्या भावाची, कारण त्याचं लग्न झालं. वडील हॉलमध्ये दिवाणावर. आम्ही बाल्कनीत, ती पुढे खिडक्या लावून आत घेतली, सगळ्यांनीच घेतली. बहीण आजीजवळ. आणि आई स्वयंपाकघरात, ओट्याच्या खाली, कारण दूधवाला पहाटे यायचा. आजी गेली तेव्हा तिची खोली आम्हाला मिळाली, कारण आता आमचं लग्न ठरलं होतं. त्या घरात आई एकतीस वर्षं राहिली आणि कडी लावता येईल अशा खोलीत, शेवटचं आजारपण सोडलं तर, कधी झोपली नाही. नकाशात ती कुठे झोपते हे दाखवलेलं नव्हतं. शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव नव्हतं.

जॉन लॉकने १६८९ साली छापलेल्या ग्रंथात मालकीचं कारण दिलं आहे : माणूस एखाद्या वस्तूत आपले श्रम मिसळतो म्हणून ती त्याची. हे आम्ही चाळीस वर्षं शिकवलं. लांब जायचं नसेल तर विज्ञानेश्वर घ्या. चालुक्यांच्या कल्याणीत बसून, अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकाळात त्याने याज्ञवल्क्यावर मिताक्षरा लिहिली. स्त्रीधनाची व्याख्या करताना त्याने ती रुंद केली. लग्नातले दागिने तर आहेतच, पण वारशाने, विकत घेऊन, वाटणीत मिळालेलंही त्यात धरलं. पुढच्या टीकाकारांनी आणि मग इंग्रजी न्यायालयांनी ती व्याख्या पुन्हा आखडती केली. म्हणजे आईच्या पाटल्या हे स्त्रीधन, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. पाटल्यांचा ब्लॉक झाला, तेव्हा ते स्त्रीधन कुठे गेलं? लॉकच्या हिशोबाने बघा, मिताक्षरेच्या बघा, सर्टिफिकेटवर दोन नावं हवी होती. वडील दुष्ट नव्हते. अर्जावर एका नावाची ओळ होती, ती त्यांनी भरली.

हे आत्ताच का बोलतो आहोत, तेही सांगायला हवं.

आमची इमारत पाडायची आहे. पन्नास वर्षं झाली, सळया दिसतात, पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागतात. पार्ल्याला पुनर्विकास तसा अवघड. विमानतळ शेजारी; विमान उतरण्याच्या वाटेखाली उंची वाढवता येत नाही, मजले वाढले नाहीत की बिल्डरला परवडत नाही. त्यात आमच्या जमिनीचं अभिहस्तांतरणच झालेलं नव्हतं. मोफाप्रमाणे मूळ बिल्डरने सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत जमीन संस्थेच्या नावे करून द्यायला हवी. आमच्याने केली नाही, मुंबईत हजारोंनी केली नाही. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली, तिच्यामागे सहा वर्षं धावून आम्ही ते मिळवलं. म्हणजे चाळीसेक वर्षं आम्ही 'ओनरशिप'च्या जागेत राहिलो आणि जमीन कागदोपत्री दुसऱ्याची होती. आता एक बिल्डर तयार आहे. २०१९ च्या सरकारी नियमाप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्के पुरेत. आमच्याकडे सोळाच्या सोळा सह्या आल्या.

दुसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात. वय चौऱ्याऐंशी. त्यांनी सही केलेली नाही. आणि तरीही सोळाच्या सोळा झाल्या, कारण त्यांची सही लागतच नाही. यजमान गेले तेव्हा नॉमिनी म्हणून मुलाचं नाव होतं. जागा मुलाच्या नावावर झाली. मुलगा परदेशात, त्याचं मुखत्यारपत्र आलं. चिटणिसाने वहिनींना समजावलं, काळजी करू नका, तुमच्या सहीवाचून काही अडलेलं नाही. त्या म्हणाल्या, "सही लागत नाही, बरं. पण घर मला रिकामं करायचं आहे ना?"

त्या पुनर्विकासाच्या विरुद्ध नाहीत. तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढायची. भाड्याचा धनादेश कुणाच्या नावाने येणार, आणि नवी जागा झाल्यावर तिथे आपण कोण म्हणून जाणार, एवढंच त्यांना विचारायचं आहे. हा प्रश्न कायद्यातही पोरका नाही. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सोसायटीने नॉमिनीच्या नावे जागा करावी, पण खरा वारसा कुणाचा ते वारसाहक्काच्या कायद्याने ठरेल. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा आणि मुलगा एकाच रांगेत आहेत. म्हणजे त्या जागेत वहिनींचा वाटा आहे. मत मात्र नाही. वाटा मिळवायचा तर चौऱ्याऐंशीव्या वर्षी पोटच्या मुलाविरुद्ध कोर्टात जायचं.

आता आमच्या अंगाला लागणारा भाग. अठरा वर्षांपूर्वी ती जागा मुलाच्या नावावर करण्याचा ठराव झाला, तेव्हा सोसायटीचे चिटणीस आम्हीच होतो. इतिवृत्त आमच्या हस्ताक्षरात आहे. परवा काढून पाहिलं. 'अर्ज नियमानुसार आढळला, सर्वानुमते मंजूर.' दीड ओळ. पाच मिनिटंही लागली नसतील. वहिनी तेव्हा वर घरात होत्या, आम्ही सगळे खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलो होतो. वर जाऊन त्यांना विचारावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. वाचस्पती पदवी घेतलेल्या, मालकी या संकल्पनेवर वर्गात तास घेणाऱ्या चिटणिसाच्याही नाही. नियमाने विचारायची गरज नव्हती, हे खरं आहे. १९७४ च्या अर्जावरही एकाच नावाची ओळ होती, हेही खरं आहे.

काही बदललं आहे. आपल्या राज्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क १९९४ साली मिळाला, देशात २००५ मध्ये. २०२१ पासून स्त्रीच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. म्हणून नव्या इमारतींत बायकांची नावं दिसू लागली आहेत. काही ठिकाणी सवलतीपुरती, पण कागदावर आलेलं नाव सहजी पुसलं जात नाही, असा आमचा अनुभव. जुन्या सोसायट्यांच्या सभासद नोंदवह्या मात्र उघडून बघा. आम्ही आमची मोजली : सोळातली तीन नावं स्त्रियांची, आणि तिन्ही वैधव्यानंतर आलेली.

आम्ही वहिनींच्या मुलाला फोन केला होता. चांगला मुलगा आहे, आमच्याकडे लॉजिक शिकायला यायचा. आम्ही म्हटलं, नव्या करारात आईचं नाव पहिलं घाल, तुझं दुसरं. आत्ता, कागद होण्याआधी, हे सोपं आहे, नंतर फार जड जाईल. तो म्हणाला, "सर, आईला काही कमी पडू देणार नाही मी." आम्ही म्हटलं, ते आम्हाला माहीत आहे, आम्ही त्याबद्दल विचारत नाही आहोत. तो म्हणाला, विचार करून कळवतो. त्याला आता दहा दिवस झाले.

विशेष सर्वसाधारण सभा येत्या रविवारी आहे. करारावर सह्या होण्यापूर्वी, प्रत्येक जागेत प्रत्यक्ष कोण राहतं त्याची यादी कराराला जोडावी आणि भाड्याची रक्कम त्या व्यक्तीच्या खात्यात जावी, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. चिटणीस म्हणतात, उपविधीत असं काही नाही. नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. सूचक म्हणून आमची सही आहे, अनुमोदक अजून मिळालेला नाही. वहिनी सभेला येऊ शकतील, पण सभासद नसल्यामुळे त्यांना बोलता येणार नाही, असं त्यांना कळवण्यात आलं आहे. आम्ही यावेळी खुर्च्या पार्किंगमध्ये न टाकता दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी टाका, असं सुचवलंय. जागा अरुंद आहे, पण सोळा माणसं दाटीवाटीने बसतील.

पाणी घेतो, मग तुमचे प्रश्न घेऊ.